मास बंक आणि मिलसाहेब

यंदाच्या अंकाच्या मराठी विभागासाठी कोणाचं तरी चरित्र लिही, असं संपादक ताईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. कारण उघड आहे. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी घरात बोलायचं आणि परीक्षेपुरतं वाचायचं, एवढाच माझा संबंध. माझं शुद्धलेखन पाहून आजी अजूनही कपाळावर हात मारून घेते. तरी लिहायला बसले. कारण ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याने मला गेल्या सेमिस्टरला चांगलंच अडचणीत आणलं होतं. ती अडचण आपल्या हॉस्टेलमधली आहे, म्हणून आधी हॉस्टेलची गोष्ट सांगते.

गेल्या सेमिस्टरला आमच्या वर्गाने मास बंक केला. त्यात नवल काहीच नाही. सोमवारी सुट्टी होती, शनिवारची दोन लेक्चर्स तेवढी आडवी येत होती आणि निम्म्या लोकांनी गाडीची तिकिटं काढलेली होती. रात्री कॉमन रूममध्ये ठरलं, उद्या कोणीही बसायचं नाही. एक मुलगी तिथेच म्हणाली की मी जाणार आहे. सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी ती खरंच जाऊन वर्गात एकटी बसली. सरांनी तिच्या एकटीसाठी लेक्चर घेतलं आणि बाकी सगळ्यांची गैरहजेरी लावली.

झालं! तिच्याशी बोलणं बंद. मेसमध्ये ती बसली की ते टेबल रिकामं. वर्गाच्या ग्रुपमधून तिला काढलं, त्यामुळे सबमिशनच्या तारखा तिला कळेनात. जर्नल कोणी देईना. हे सात आठवडे चाललं. मीही त्यात होते. तिची खोली माझ्या खोलीच्या बरोब्बर समोर. ती बाहेर आली की मी दार लोटून घ्यायचे.

त्याच दिवसांत ह्युमॅनिटीजच्या विषयासाठी प्रत्येकाला एका विचारवंतावर वीस मिनिटं बोलायचं होतं. नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला आला जॉन स्टुअर्ट मिल. शाळेच्या नागरिकशास्त्रात कुठेतरी एका ओळीत वाचलेलं नाव. म्हटलं चला, लायब्ररीतून दोन पुस्तकं काढू, दहा स्लाइड्स करू, सुटलो. पण तसं झालं नाही.

मिलचा जन्म २० मे १८०६ चा, लंडनचा. वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधल्या एका जोडे बनवणाऱ्याचे चिरंजीव. शिकून लंडनला आलेले आणि लेखणीवर घर चालवणारे. मुलं नऊ, त्यांत जॉन थोरला. जेम्स मिलचे जवळचे स्नेही म्हणजे जेरेमी बेंथम. कायदा चांगला की वाईट हे ठरवायला बेंथमची एकच फूटपट्टी होती, ती म्हणजे त्याने जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख साधतं का. या दोघांचा असा ठाम विश्वास होता की माणूस शिक्षणाने घडतो. मग प्रयोग करायला थोरला मुलगा घरात होताच!

त्या मुलाचा सिलॅबस ऐका. तिसऱ्या वर्षी ग्रीक. आठव्या वर्षी लॅटिन, त्याबरोबर भूमिती आणि बीजगणित. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र. तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. शाळेत घातलंच नाही, वडीलच शिक्षक. बरोबरीची मुलं खेळायला नाहीत. सुट्टी नाही, कारण सुट्टीमुळे कामाची सवय मोडते असं वडिलांचं मत. सकाळी फिरायला जाताना आदल्या दिवशी वाचलेलं सगळं वडिलांना सांगायचं, त्यासाठी चिठ्ठ्यांवर टिपणं काढून ठेवायची. धाकट्या भावंडांना शिकवायचं कामही त्याचंच आणि त्यांचा धडा कच्चा राहिला तर जबाबदारीही त्याचीच.

वडील आणि मुलगा एकाच टेबलावर काम करायचे. ग्रीक शब्दाचा अर्थ इंग्रजीत देणारा कोश तेव्हा नव्हता, त्यामुळे अडलेला प्रत्येक शब्द जॉन वडिलांना विचारायचा. वडील त्या वेळी काय लिहीत होते माहीत आहे? आपला इतिहास! 'द हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया' हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १८१७ साली निघाला. अकरा वर्षांच्या जॉनने त्याची प्रुफं तपासायला मदत केली. जेम्स मिल हिंदुस्थानात कधी आले नव्हते आणि इथली एकही भाषा त्यांना येत नव्हती. तरीही त्या ग्रंथाच्या जोरावर १८१९ मध्ये त्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत चांगली नोकरी लागली.

चौदाव्या वर्षी जॉनला वर्षभर फ्रान्सला पाठवलं. तिथे तो बेंथमच्या भावाच्या, सॅम्युएल बेंथमच्या, कुटुंबात राहिला. हे गृहस्थ जहाजं बांधणारे इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलेच. त्या वर्षात तो पोहला, डोंगर चढला, फ्रेंच शिकला. घरात नव्हता असा मोकळेपणा त्याला पहिल्यांदाच दिसला असणार. परत आला आणि १८२३ मध्ये, सतराव्या वर्षी, वडिलांच्याच हाताखाली कंपनीत कारकून म्हणून चिकटला. ती नोकरी त्याने पस्तीस वर्षं केली. दिवसा हिंदुस्थानला जाणारे खलिते लिहायचे, संध्याकाळी लेख, वादसभा, सुधारणेच्या चळवळी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय मुलगा आहे!

आणि १८२६ साली, विसाव्या वर्षी, हे सगळं एकदम बंद पडलं.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं, कारण माझंही विसावं चालू आहे. माझे बाबा काही जेम्स मिल नाहीत. त्यांनी मला कधी मारलं नाही, की ओरडले नाहीत. पण आठवीत फाउंडेशन कोर्स, नववीपासून पहाटे पाचला गणित, अकरावी-बारावीत सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, रात्री डाउट्स हे आपल्यातल्या कितीजणांनी केलेलं नाही? इथे ॲडमिशन मिळाली त्या दिवशी घरी पेढे वाटले आणि मी गच्चीवर जाऊन बसले होते. आनंद का होत नाहीये, हे मला कळत नव्हतं. ते कोणाला सांगायचीही लाज वाटत होती.

मिलने स्वतःला एक प्रश्न विचारला होता. समजा, समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून मी धडपडतोय त्या सगळ्या आजच, या क्षणी झाल्या, तर मला सुख होईल का? आतून स्वच्छ उत्तर आलं, नाही. मग जगायचं कशासाठी? कित्येक महिने तो तसाच काढत राहिला. ऑफिसला जात होता, भाषणंही देत होता, पण चावी दिल्यासारखा. वडिलांशी बोलायची सोय नव्हती. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनाच ते बिघडलंय असं कसं सांगणार? त्या काळात त्याला एक विचित्र चिंता लागली होती. संगीतात स्वर मोजकेच, मग त्यांच्या सुंदर जुळण्याही मोजक्याच असणार, म्हणजे एक दिवस नवीन संगीत संपूनच जाईल! बारावीत परम्युटेशन-कॉम्बिनेशन करताना असलं टेन्शन मला कधी आलं नव्हतं. पण वाचताना हसू आलं नाही. आतून रिकामं झालेलं माणूस असाच हिशेब करतं.

त्यातून तो बाहेर कसा आला? कोणी मोठं तत्त्वज्ञान सांगितलं म्हणून नाही. मार्मोंतेल नावाच्या एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना एक प्रसंग आला. लेखकाचे वडील वारले आहेत आणि तो लहान मुलगा घरच्यांना सांगतोय की आता तुमचं सगळं मी बघेन. ते वाचून मिल रडला. रडू आलं म्हणजे आपण अगदीच दगड झालेलो नाही, हे त्याला समजलं. पुढे १८२८ मध्ये त्याला वर्ड्‌स्वर्थच्या कविता सापडल्या. डोंगर, तळी, साधी माणसं. त्या कवितांनी त्याला सावरलं. त्यातून दोन गोष्टी त्याच्या कायमच्या लक्षात राहिल्या. एक, सुख सुख करत त्याच्या मागे लागलं की ते हाती लागत नाही, दुसऱ्या कशात तरी मन गुंतलं की वाटेत भेटतं. आणि दोन, माणूस हे कोणीतरी दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे जोडायचं मशीन नाही. प्रत्येकाची वाढ आतून होते आणि आपापल्या बाजूला होते. पुढे त्याने स्वातंत्र्यावर जे लिहिलं, त्याचं मूळ मला तरी या विसाव्या वर्षात दिसतं.

१८३० मध्ये त्याची ओळख हॅरिएट टेलरशी झाली. ती विवाहित, दोन मुलांची आई, वर्षभरात तिसरं झालं. अतिशय बुद्धिमान आणि स्पष्ट बोलणारी बाई. त्यांची मैत्री वीस वर्षं टिकली. लंडनमध्ये कुजबुज चालायची, नातेवाईक नाकं मुरडायचे, जुने मित्र दुरावले. लोक पोलिसांशिवाय, कोर्टाशिवाय एखाद्याला शिक्षा कशी देतात, याचा अनुभव दोघांनी घेतला. हॅरिएटचे पती १८४९ मध्ये वारले आणि १८५१ मध्ये या दोघांनी लग्न केलं. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याने लग्न झालं की बायकोच्या मालमत्तेवर आणि तिच्यावरही नवऱ्याचा हक्क. मिलने लग्नाआधी लेखी निवेदन करून ठेवलं की असले हक्क मला मान्य नाहीत, मी ते कधीही वापरणार नाही आणि लग्नानंतरही ती आधीसारखीच स्वतंत्र राहील. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला फारशी किंमत नव्हती. तरी त्याने तो लिहिला.

एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती, पण सांगते. इतिहासकार कार्लाइल हा मिलचा मित्र. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या पुस्तकाचा पहिला खंड त्याने मिलला वाचायला दिला. १८३५ साली मिलकडे असताना तो चुकून रद्दी समजून जाळला गेला. ना झेरॉक्स, ना बॅकअप! मिल पांढराफटक पडून कार्लाइलच्या दारात उभा राहिला. त्याची अवस्था बघून कार्लाइललाच त्याची समजूत काढावी लागली. मिलने २०० पौंड देऊ केले, कार्लाइलने १०० घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसला. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्यांची फाइल करप्ट झाली असेल, त्यांनी कार्लाइलचं स्मरण करावं.

तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८४३ मध्ये आणि अर्थशास्त्रावरचा १८४८ मध्ये आला, त्यामुळे मिलचं नाव झालंच होतं. पण त्याला आज जग ओळखतं ते 'ऑन लिबर्टी'साठी. हे पुस्तक त्याने हॅरिएटबरोबर बसून ओळ न् ओळ तपासलं होतं. नोव्हेंबर १८५८ मध्ये फ्रान्समध्ये प्रवासात असताना आविन्यों इथे ती वारली. १८५९ मध्ये त्याने पुस्तक तिला अर्पण करून छापलं. तिच्या कबरीजवळ एक घर घेतलं आणि पुढे दर वर्षी काही महिने तो तिथे राहायचा.

आता पुस्तकात आहे काय? उदारमतवाद ही काही मिलने शोधलेली गोष्ट नाही. त्याच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधी इंग्लंडमध्येच जॉन लॉकने मांडलं होतं की राज्य हे लोकांच्या संमतीवर उभं असतं आणि राजाच्या सत्तेलाही हद्द असते. तेव्हा भीती राजाची होती. पुढे लोकांच्या हाती मतं येऊ लागली आणि पुष्कळांना वाटलं की आता सत्ता आपलीच आहे, मग तिला हद्द कशाला? मिल म्हणतो, थांबा. बहुमत म्हणजे सगळे नव्हेत. बहुमतही जुलूम करू शकतं. आणि सगळ्यात वाईट जुलूम सरकारचा नसतोच, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असतो. सरकार फार तर तुरुंगात टाकेल. समाज मात्र माणसाच्या ताटापर्यंत आणि झोपेपर्यंत पोचतो.

हे वाक्य लिहून घेताना माझ्या डोळ्यांसमोर मेसमधलं ते रिकामं टेबल आलं.

मिलने नियम एकच दिला. प्रौढ माणसावर जबरदस्ती करायची असेल तर कारण एकच चालेल, ते म्हणजे त्याच्यामुळे दुसऱ्याला होणारी इजा टाळणं. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी सांगावं, समजवावं, विनवावं, वाद घालावा, पण जबरदस्ती नाही. मतांच्या बाबतीत तो आणखी पुढे जातो. सगळं जग एका बाजूला आणि एक माणूस दुसऱ्या बाजूला असला, तरी त्याचं तोंड बंद करायचा हक्क जगाला नाही. का? तो बरोबर असू शकतो. किंवा त्याच्या म्हणण्यात थोडं खरं असू शकतं, जे आपल्याकडे नाही. आणि तो साफ चुकीचा असला तरीही त्याचा उपयोग आहे, कारण ज्या सत्याला कोणी प्रश्न विचारत नाही ते घोकलेल्या डेरिव्हेशनसारखं होतं. पेपरात लिहिता येतं, पण व्हायवाला एक्स्टर्नलने नुसतं का म्हणून विचारलं की त त प प.

मी हे सगळं माझ्या रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, पण तिने आपल्याला इजा केलीच ना? ती गेली नसती तर कोणाचीच गैरहजेरी लागली नसती. मला पटलं आणि बरंही वाटलं. पण पुढे वाचलं तर मिलने त्याचीही वाट बंद केलेली. आपली गैरसोय झाली म्हणजे आपला हक्क मोडला असं होत नाही. गैरहजेरी लागली ती आम्ही गेलो नाही म्हणून. तिने काही कबूल करून मोडलं नव्हतं, आदल्या रात्री सगळ्यांसमोर सांगितलं होतं. बरं, कोणाशी बोलायचं हे तर आमच्या मर्जीवर आहे ना? मिल त्यालाही हो म्हणतो. एखादी व्यक्ती आवडत नसेल तर तिच्यापासून दूर राहायला तुम्ही मोकळे आहात. पण त्याचं प्रदर्शन मांडायचा हक्क नाही. आम्ही नेमकं तेच केलं होतं. मी स्वतःहून तिला टाळत नव्हते, ठरलं होतं म्हणून टाळत होते. मला भीती होती की मी बोलले तर दुसरं रिकामं टेबल माझं होईल.

मिल म्हणजे देव होता असं मात्र समजू नका. प्रेझेंटेशनची तयारी करताना मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला तो इथे. स्वातंत्र्याचा हा नियम सांगताना त्याने सुरुवातीलाच दोन अपवाद केले. एक लहान मुलांचा, तो ठीक आहे. दुसरा मागासलेल्या समाजांचा. जे अजून चर्चेने सुधारण्याइतके पुढे आले नाहीत, त्यांच्यावर सुधारणेच्या हेतूने हुकूमशाही चालेल! म्हणजे कोणावर? पस्तीस वर्षं तो ज्यांच्या कारभाराचे खलिते लिहीत होता, त्यांच्यावर. असे सुमारे १७०० खलिते त्याने तयार केले म्हणतात. वडिलांप्रमाणे त्यानेही हिंदुस्थान कधी पाहिला नाही. १८५७ नंतर कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे जाऊ लागला तेव्हा कंपनीच्या बाजूचा अर्ज त्यानेच लिहिला. स्वतःच्या विसाव्या वर्षी ज्याला कळलं होतं की कोणी कोणाला घडवत नसतं, त्याने वीस-बावीस कोटी माणसांना घडवायचं काम मात्र लंडनच्या एका कचेरीवर सोपवलं. जेम्स मिलने मुलावर केलं, तेच मुलाने आपल्यावर केलं की!

पण माणूस एका बाजूने मोजता येत नाही. १८६५ मध्ये जमैका बेटावर एक उठाव झाला आणि तिथल्या गव्हर्नर आयरच्या कारवाईत चारशेहून जास्त माणसं मारली गेली. इंग्लंडमधल्या कितीतरी बड्या लोकांनी आयरची बाजू घेतली, मित्र कार्लाइलने सुद्धा. मिल विरुद्ध बाजूच्या समितीचा अध्यक्ष झाला. काळ्या माणसांना मारणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यावर खटला झालाच पाहिजे, असं तो मांडत राहिला. खटला यशस्वी झाला नाही. मिलला शिव्यांची पत्रं मात्र भरपूर आली.

त्याच साली तो वेस्टमिन्स्टरमधून पार्लमेंटवर निवडून आला. उभा राहतानाच सांगितलं होतं की मी पैसा खर्च करणार नाही, प्रचार करत फिरणार नाही आणि बायकांना मत मिळालं पाहिजे असं माझं मत आहे. कामगारांच्या एका सभेत विरोधकांनी त्याला पकडलं. इंग्लंडचे कामगार बहुतेक खोटं बोलतात असं तुम्ही लिहिलंय का, म्हणून विचारलं. त्याने सरळ सांगितलं, हो, लिहिलंय. क्षणभर शांतता आणि मग टाळ्यांचा कडकडाट. कामगारांना गोड बोलणारे पुष्कळ भेटले होते, खरं बोलणारा बहुधा पहिलाच.

२० मे १८६७ रोजी, म्हणजे बरोब्बर आपल्या वाढदिवशी, त्याने मतदानाच्या विधेयकात एक दुरुस्ती सुचवली. 'पुरुष' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' असा शब्द घाला. बाजूने ७३ मतं पडली, विरुद्ध १९६. हरला. पण ७३ जण त्याच्या बाजूला आले, याचंच लोकांना आश्चर्य वाटलं. १८६९ मध्ये त्याने स्त्रियांच्या पराधीनतेवर पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा अगदी साधा आहे. बायकांचा स्वभावच असा असतो, असं जे म्हणतात त्यांनी बायकांना मोकळं सोडून कधी पाहिलं आहे का? जे कधी तपासलंच नाही त्याला निसर्गनियम कसं म्हणता? आमच्या गेटची वेळ मुलांच्या गेटपेक्षा आधीची का, याचं उत्तर देताना रेक्टर मॅडमनी हे पुस्तक एकदा चाळावं अशी नम्र विनंती. (मॅडम, रागावू नका. मिलसाहेबांनी सांगितलंय की विचारत राहायचं.) ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं ते १९२८ मध्ये.

१८६८ च्या निवडणुकीत मिल पडला. ७ मे १८७३ रोजी आविन्योंमध्ये त्याचं निधन झालं. त्याला हॅरिएटशेजारी पुरलं.

तो गेला तेव्हा कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा एक गरीब मुलगा कसंबसं शिक्षण रेटत होता. गोपाळ गणेश आगरकर. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मिल आणि स्पेन्सर वाचले. मिलने आपल्यासाठी जो अपवाद ठेवला होता तो त्यांनी बाजूला टाकला आणि नियम तेवढा उचलला. १८८८ मध्ये 'सुधारक' काढून बालविवाह, विधवांचे हाल, सोवळंओवळं यांवर ते लिहीत राहिले. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. म्हणजे आमच्या मेसच्या टेबलाची मोठी बहीणच ती! १८९५ मध्ये, चाळिशीही पूर्ण व्हायच्या आत, ते वारले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलचं नाव घेऊन इशारा दिला की माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. जास्त शिकलेल्यांना जास्त मतं द्यावीत असं मिलला वाटायचं. आपण १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत सही न येणाऱ्यालाही पदवीधराइतकंच एक मत दिलं. ज्यांना मिलने तयार नाही म्हटलं होतं, त्यांनी मिलपेक्षा पुढचं पाऊल टाकलं.

मिलच्या नंतर उदारमतवादाच्या वाटा फुटल्या. हायेकसारखे म्हणाले, सरकारने माणसाच्या व्यवहारात कमीत कमी पडावं. हॉबहाउससारखे म्हणाले, उपाशी आणि अडाणी माणसाच्या स्वातंत्र्याला अर्थ काय, आधी शाळा आणि दवाखाना द्या. १९७१ मध्ये अमेरिकेच्या जॉन रॉल्सने विचारलं की आपण कोणाच्या पोटी जन्मणार हे माहीत नसतं, तर आपण कसले नियम केले असते? हा वाद संपलेला नाही. पुढे काय होईल ते मोठी माणसं सांगतील. मला एवढंच दिसतं की ज्या गर्दीला मिल घाबरत होता ती आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि एखाद्याला वाळीत टाकायला एक बटण पुरतं. माणसाला बटणाने काढून टाकता येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

प्रेझेंटेशन झालं. मार्कही बरे पडले. पण बोलताना ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसलेली होती आणि मला तिच्याकडे बघता येईना. त्या रात्री मी समोरचं दार वाजवलं. माफी मागायची मनात तयारी केली होती, पण धड बोलता आलं नाही. ती शांतपणे म्हणाली की तिचं काही तत्त्व-बित्त्व नव्हतं. तो विषय तिला आवडतो आणि ते लेक्चर तिला बुडवायचं नव्हतं, बस. मग तिने विचारलं की हे कळायला सात आठवडे का लागले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या टेबलावर जाऊन बसले. पोटात गोळा आला होता. दोन दिवसांनी आणखी एक मुलगी आली. बाकीच्या अजून पूर्ण आलेल्या नाहीत.

हे सगळं छापायला तिची हरकत नाही, फक्त नाव घालू नकोस म्हणाली. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. या लेखातले माझे ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासून दिले आहेत. मिलच्या अपवादाबद्दल मी जे लिहिलंय ते तिला तितकंसं पटलेलं नाही. तिचं म्हणणं, त्या काळाच्या मानाने मी त्याच्यावर फार कडक झाले. आमचा तो वाद मेसमध्ये रोज चालू असतो. कोणाला यायचं असेल तर टेबलावर जागा आहे.